वर्गात आधी हात की आधी पडदा? (होऊ घातलेल्या शिक्षिकेचा प्रश्न)

शेवंती

नमस्कार मंडळी. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विज्ञान आणि गणित या माझ्या अध्यापन पद्धती. सध्या नगर जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या एका माध्यमिक शाळेत आंतरवासिता चालू आहे, आठवी-नववीचे तास माझ्याकडे असतात. पुढे शिक्षक भरतीची अभियोग्यता चाचणी, पवित्र पोर्टल ही रांग आहेच. पण नोकरी लागण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करायची आहे, म्हणून हा धागा.

आम्हाला काही सराव पाठ तंत्रज्ञान वापरून घ्यावे लागतात. मागच्या बाकावर प्राध्यापक निरीक्षण वही घेऊन बसतात. मी नववी 'अ'ला 'धाराविद्युत' घेतलं. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर लावून फेटचं सिम्युलेशन दाखवलं. माहीत नसेल त्यांच्यासाठी : हे कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, फुकट मिळतं, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही आणि मराठीतही आहे. त्यात सेल, वायर, बल्ब बोटाने ओढून परिपथ जोडायचा. मुलं हरखून गेली. एकेकाला पुढे बोलावलं, सगळ्यांना जमलं. शेरा मिळाला 'उत्तम'.

दुसऱ्या दिवशी एक तास मोकळा होता. मी दीड व्होल्टचे सेल, टॉर्चचे छोटे बल्ब आणि वायरचे तुकडे घेऊन गेले, पाच गट केले. वीस मिनिटं झाली तरी चार गटांचा बल्ब पेटेना. माझ्या पोटात गोळा आला. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा कारण कळलं. पडद्यावर वायरचं टोक बल्बजवळ नेलं की ते आपोआप चिकटतं. खऱ्या बल्बला ते कुठे टेकवायचं हा प्रश्न तिथे पडतच नाही. बुडाचा ठिपका ही एक जागा आणि बाजूचं धातूचं टोपण ही दुसरी, हे माझ्या 'उत्तम' पाठात कुठेच आलं नव्हतं. बहुतेकांनी दोन्ही वायरी ठिपक्यालाच धरल्या होत्या. एका गटाने वायरवरचं प्लास्टिकही सोललं नव्हतं.

'ब' तुकडीला मी क्रम उलटा केला. आधी सेल-बल्ब हातात दिले आणि काही सांगितलं नाही. अर्धा तास नुसता गोंधळ. मग कोपऱ्यातल्या एका गटाचा बल्ब पेटला आणि सगळा वर्ग तिकडे धावला. सिम्युलेशन त्यानंतरच्या तासाला दाखवलं, आणि त्या मुलांचे प्रश्न ऐकून मी थक्क झाले. 'बाई, हे निळे ठिपके वायरमधून सरकतायत, मग आमच्या वायरमध्येही सरकत होते का?' 'बल्ब काढून नुसती वायर लावली तर सेल गरम झाला होता, तो इथे पेट का घेतो?' पडद्यावर काय शोधायचं ते त्यांना माहीत होतं.

दोनच तुकड्यांवरून मी सिद्धांत मांडत नाही. पण माझा कल आता असा आहे : जे हाताला लागू शकतं ते आधी हाताला लागू द्यावं, पडदा त्यानंतर. जे हाताला लागूच शकत नाही तिथे पडदा पहिल्या मिनिटापासून हवा. आठवीला 'अणूचे अंतरंग' शिकवताना रदरफर्डचा सोन्याच्या पत्र्याचा प्रयोग मी खडूने कितीही काढला तरी अल्फा कण हलत नाहीत. तिथे हलतं चित्र लाखमोलाचं आहे.

दुसरी बाजूही सांगते. शाळेत देणगीतून आलेला स्मार्ट बोर्ड आहे. तो संगणक कक्षात चादरीखाली असतो, किल्ली कार्यालयात. पाहुणे येणार असले की चादर निघते. मला तो दोन महिन्यांत एकदाच मिळाला आणि त्या दिवशी वीज नव्हती. मुलांसाठी आलेली वस्तू मुलांपासून जपून ठेवलेली पाहून फार वाईट वाटतं.

तुम्ही शिक्षक असाल, पालक असाल किंवा कुणीही असाल, तुमचा अनुभव सांगा. माझं कुठे चुकत असेल तर तेही सांगा.

डोंगरवाट

शेवंतीताई, बल्बचा प्रसंग वाचून राहवलं नाही. मी चौदा वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर आहे, त्यातली नऊ वर्षं धडगाव तालुक्यात.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दल आधी. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांना असे कोड जोडले. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले, दीक्षा या सरकारी ॲपची जोड मिळाली. २०२० साली डिसले सरांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कल्पना खरोखर मोलाची. पण माझ्या पाड्यावर रेंज यायला टेकडी चढावी लागते. त्यामुळे मी शनिवारी तालुक्याला गेलो की आठवड्याचे व्हिडिओ उतरवून घेतो. हे कुणी प्रशिक्षणात सांगत नाही, स्वतःच शोधावं लागतं.

खरा फायदा मला दुसरीकडेच झाला. माझी मुलं घरी पावरी बोलतात. पहिलीत येतात तेव्हा पुस्तकाची मराठी त्यांना परकी. भाषा समजत नाही म्हणून ती गप्प बसतात आणि आपण समजतो मूल मंद आहे. मी पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्यांकडे गेलो आणि त्यांच्या पावरी गोष्टी फोनवर रेकॉर्ड केल्या. वर्गात एक साधा स्पीकर आहे. आधी गोष्ट पावरीत ऐकायची, मग मुलांनी ती आपापल्या भाषेत सांगायची, मी फळ्यावर त्यातले शब्द दोन्ही भाषांत लिहायचे. तीन महिने ज्या मुलीने तोंड उघडलं नव्हतं, ती आपल्या आजीचा आवाज ऐकून उभी राहिली आणि पुढची गोष्ट स्वतः सांगू लागली. तो दिवस मी विसरणार नाही.

फोन मात्र माझा, डेटा माझा. त्याच फोनवर पोषण आहाराची माहिती, चॅटबॉटवरची हजेरी, सरल आणि यूडायसवरच्या सरकारी नोंदी, उपक्रमांचे फोटो. वर्गात फोन हातात घेतला की दहापैकी सात वेळा ते मुलांसाठी नसतं. नव्या शिक्षकांनी ही गोष्ट आधीच समजून घ्यावी, कारण तंत्रज्ञानाच्या गप्पांत शिक्षकाच्या वेळेचा हिशेब कुणीच मांडत नाही.

जुनी पाटी

मी २००९ साली निवृत्त झालो. आता डोळे साथ देत नाहीत, नात टंकून देते आहे.

शेवंती, तुझा स्मार्ट बोर्ड आणि चादर वाचून मला आमच्या शाळेचा रेडिओ आठवला. नंतर टीव्ही, नंतर ओव्हरहेड प्रोजेक्टर, नंतर संगणक. प्रत्येकाला एक चादर होती.

तुम्हा तरुणांना वाटत असेल की हे आत्ताच सुरू झालं. १९७५ च्या ऑगस्टपासून १९७६ च्या जुलैपर्यंत इस्रोने 'साइट' हा प्रयोग केला. नासाचा एटीएस-६ उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता आणि सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच बसवून थेट उपग्रहावरून कार्यक्रम दाखवले. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी गावासाठी. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता, पण आम्ही शिक्षक त्याच्या बातम्या अधाशासारख्या वाचत होतो. मग १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. मराठीत, आपल्या मुलांसाठी, आपल्या अभ्यासक्रमाला धरून कार्यक्रम बनवणारी संस्था. माझ्या वर्गाने ते कार्यक्रम सरपंचांच्या घरच्या टीव्हीवर अंगणात बसून पाहिले आहेत. २००४ साली खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह सोडला. आणि बालचित्रवाणी २०१७ साली बंद केली. तेहतीस वर्षांचं काम. मला आजही त्याचं दुःख होतं.

या सगळ्यातून मला एकच दिसलं. यंत्र विकत घ्यायला पैसे निघतात. ते दुरुस्त करायला, त्यावर दाखवायचं मराठीत तयार करायला आणि शिक्षकाला शिकवायला निघत नाहीत. तू नोकरीला लागलीस की पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांकडे दोन गोष्टी विचार : किल्ली कोणाकडे, आणि बिघडलं तर फोन कुणाला करायचा.

वरदाची आई

पालक म्हणून लिहिते. मुलगी सातवीत, पुण्यात. शाळेचं नाव घेत नाही. गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो, प्रकल्पासाठी 'इंटरनेटवरून माहिती काढा' असा निरोप येतो, आणि मी तिच्या हातून फोन काढून घ्यायला गेले की 'अभ्यास करतेय ना' हे उत्तर तयार असतं. रोज संध्याकाळी घरात हाच तंटा.

शेवंती, एक कळकळीची विनंती. वर्गात काय वापरायचं ते वापर. पण घरी फोन लागेल असा गृहपाठ देऊ नकोस. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, त्या घराचाही विचार कर.

बिनतारी

@वरदाची आई, तुमच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांतल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता, ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे फोन वापरायला शिकवावं लागत नाही, कशासाठी वापरायचा ते शिकवावं लागतं.

मी संगणक क्षेत्रात आहे, गावच्या शाळेला दोनदा संगणक दिले आहेत. जुनी पाटी सरांना एक भर घालतो. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही मोहीम आठवते का? भारतातला तिचा पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैरात गावच्या शाळेत झाला. हिरवे-पांढरे, दणकट, उन्हातही दिसणारे ते लॅपटॉप. पेरू देशाने हीच योजना प्रचंड प्रमाणावर राबवली. तिथल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला : गणितात आणि भाषेत फरक दिसला नाही. मी स्वतः यंत्रांच्या बाजूचा माणूस, पण हे वाचल्यावर देणगी देण्याची पद्धत बदलली. आता यंत्राबरोबर तीन वर्षांचा दुरुस्तीचा खर्च देतो आणि सुट्टीत शिक्षकांबरोबर चार दिवस बसतो.

तरी शेवंतीताई, तुमच्या 'आधी हात' या सूत्राशी माझं थोडं भांडण आहे. संगणक हीसुद्धा हाताने करायची वस्तू आहे. मुलांनी स्वतः चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून पडद्यावरचं मांजर चालवलं, तर ते बल्ब पेटवण्याइतकंच खरं काम आहे. पडदा म्हणजे फक्त बघायची गोष्ट असं धरू नका.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार.

@बिनतारी दादा, तुमचं पटलं. माझ्या डोक्यात पडदा म्हणजे प्रोजेक्टरच होता. मूल स्वतः काही घडवत असेल तर तेही हातच. हे टाचणवहीत लिहून ठेवते.

@जुनी पाटी सर, किल्लीचा प्रश्न इथल्या शाळेतच विचारून पाहिला. मुख्याध्यापक रागावले नाहीत. 'कुणी मागतच नाही म्हणून पडून आहे' म्हणाले. आता मंगळवारचा आणि शुक्रवारचा तास माझा.

@वरदाची आई, शब्द देते. घरी फोन लागेल असा गृहपाठ नाही.

एक अनुभव राहिला होता. आठवीच्या मराठीच्या बाईंनी 'माझा आवडता ऋतू' हा निबंध दिला होता, वह्या तपासायला मी मदत केली. सहा निबंधांत वसंत ऋतू, गुलाब आणि ट्युलिप. या सगळ्यांच्या घरी भातशेती. जून-जुलैत ही मुलं आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, शाळा बुडवतात, चिखलात गुडघाभर उभी असतात. त्यांच्या निबंधात पाऊस नाही! विचारलं तेव्हा कळलं, दादाच्या फोनवर प्रश्न विचारून एआयकडून लिहून घेतलं. मी रागावले नाही. त्यातल्या एकाला म्हटलं, आवणीच्या दिवशी पहाटे उठल्यापासून काय काय झालं ते मला तोंडी सांग. तो वीस मिनिटं बोलत होता. रोपांसाठी राब भाजण्यापासून रोपांची मूठ बांधण्यापर्यंत सगळं. मग म्हटलं, आता हे लिही. त्याने दीड पान लिहिलं, अशुद्ध, खाडाखोड केलेलं, आणि वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

एआय येणार आहे, आलंच आहे. मी स्वतः टाचणासाठी त्याला प्रश्न विचारते आणि उत्तर पुस्तकाशी ताडून घेते. पण ज्या मुलाला स्वतःचं सांगणं अजून सापडलेलं नाही त्याच्या हातात दुसऱ्याचं तयार सांगणं ठेवायला माझं मन तयार होत नाही.

उत्तरवारा

स्टॉकहोमहून लिहितोय, दोन मुलं इथल्या शाळेत. स्वीडनमध्ये अगदी लहान वयापासून टॅबलेट सर्रास होते. २०२३ मध्ये सरकारने दिशा बदलली. छापील पाठ्यपुस्तकांसाठी त्या एका वर्षात ६८.५ कोटी क्रोनर दिले, हाताने लिहिणं आणि शांत वाचन यांवर भर दिला. माझ्या धाकट्याच्या दप्तरात आता खरी पुस्तकं असतात. इथे हे घडलं म्हणून महाराष्ट्रात तसंच करा असं माझं म्हणणं नाही. इथे प्रत्येक मुलाकडे आधी सगळं होतं, तिथे अजून शाळेची वीज टिकत नाही. दोन्हींचे प्रश्न वेगळे.

डोंगरवाट

उत्तरवारा, हे शेवटचं वाक्य आमच्या अधिकाऱ्यांना वाचून दाखवायला हवं. करोनात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' म्हणताना आमच्याकडे फोन नव्हते. सह्याद्रीवरची टिलीमिली मालिका ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांनी पाहिली. सोलापूरच्या नीलमनगरमध्ये शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले होते. त्या भिंती मला त्या काळातलं सगळ्यात मोठं शैक्षणिक तंत्रज्ञान वाटतात. वीज लागत नाही, रिचार्ज लागत नाही, आणि येता-जाता मूल वाचतं.

स्पर्श

धागा दोनदा ऐकला. होय, ऐकला. मी जन्मांध आहे, एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. संगणकावर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा, फुकट मिळणारा वाचक वापरतो, तो मराठीही वाचतो.

इथली चर्चा चांगली चालली आहे, पण 'यंत्र हवं की नको' हा प्रश्न डोळस माणसाचा आहे. मला यंत्र आलं तेव्हा पुस्तक आलं. त्याआधी कुणीतरी वाचून दाखवेपर्यंत थांबावं लागायचं, आणि वाचणारा कंटाळला की माझा अभ्यास संपायचा. ब्रेलमध्ये सगळी पुस्तकं कधीच मिळाली नाहीत. त्यामुळे शेवंतीताई, तुमचा क्रम माझ्यासारख्यासाठी बदलतो. एवढं करा : मुलांना जे काही साहित्य द्याल ते युनिकोडमध्ये टाइप करा. जुन्या फाँटमधली पीडीएफ किंवा पानाचा फोटो पाठवला तर माझा वाचक एक तर निरर्थक अक्षरं बडबडतो किंवा गप्प बसतो. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

आणि एक विचारू? तुमच्या बल्बच्या प्रयोगात बल्ब पेटला हे न दिसणाऱ्या मुलाला कसं कळलं असतं?

शेवंती

स्पर्श सर, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस मी काही लिहू शकले नाही.

नववी 'ब'मध्ये एक मुलगी आहे, तिला फार कमी दिसतं. फळ्यावरचं तिला शेजारची सांगते. बल्बच्या तासाला ती गटात होती, पण नुसती बसून होती. सगळे कोपऱ्याकडे धावले तेव्हा ती जागेवरच होती. 'हात आधी' म्हणून मी इथे एवढं लिहिलं, आणि तिच्या हाताला मी काहीच दिलं नव्हतं. हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

स्पर्श

मनाला लावून घेऊ नका. बल्बच्या जागी बझर लावून पाहा. इलेक्ट्रिकच्या दुकानात छोटा मिळतो.

बिनतारी

तीन व्होल्टवर चालेल असा मागा. एका सेलवर बहुधा वाजणार नाही, दोन सेल एकापाठोपाठ जोडा. आणि लाल-काळ्या वायरी नीट बघा, उलटं लावलं तर वाजत नाही. मुलांना मात्र आधी सांगू नका.

शेवंती

आज मंगळवार, माझा तास होता. संगमनेरहून सहा बझर आणले होते. स्मार्ट बोर्ड सुरू केलाच नाही.

तिच्या हातात दोन सेल, वायरी आणि बझर दिला. गटातल्या बाकीच्यांना सांगितलं, तिने मागितल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तिने वायरींची सोललेली टोकं बोटांनी चाचपली, सेलचं उंचवट्याचं टोक आणि सपाट टोक चाचपलं. पहिल्यांदा जोडलं तेव्हा आवाज नाही. दुसऱ्यांदाही नाही. मी ओठ घट्ट मिटून उभी होते. मग तिने सेलची जोडी तशीच उचलून उलटी फिरवली आणि बझर एवढ्या जोरात वाजला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

या वेळी सगळा वर्ग तिच्या बाकाभोवती होता. तिने तीन-चारदा उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, 'बाई, हा एकाच बाजूने बोलतो. मागच्या वेळी सेल उलटा लावला तरी बल्ब पेटत होता म्हणे. मग याच्या आत काय वेगळं आहे?'

बिनतारी दादा, शुक्रवारचा तास यावरच घ्यायचा आहे. बझर उघडून आतलं दाखवता येतं का? आणि स्पर्श सर, उघडल्यावर त्यातलं काय काय बोटाला कळेल?

स्पर्श

एक बझर मला पाठवा. मी उघडून, चाचपून सांगतो.